टॉवरच पळतोय तर फोन सापडतो कसा? सॅटेलाइट नेटवर्कमधलं रजिस्ट्रेशन आणि लोकेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टारलिंकच्या बातम्या सुरू झाल्यापासून ओळखीतला प्रत्येक जण मला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारतो, की जवळपास टॉवरच नाही तर फोन जोडला कसा जातो आणि मी कुठे आहे हे वरच्या सॅटेलाइटला कळतं कसं. टेलिकॉममध्ये बरीच वर्षं काढलीत, त्यातली निम्मी रात्रपाळीत अलार्म बघण्यात गेली, त्यामुळे उत्तरं माहितीयेत, पण दर वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून अंगठा दुखायला लागला. म्हणून एकदाच सगळं इथे टाकतोय.

रजिस्ट्रेशन म्हणजे दुकानात आधार देऊन सिम घेतो तेच ना?

नाही हो, ते केवायसी, ते एकदाच होतं. इथलं रजिस्ट्रेशन म्हणजे फोन चालू केला की तो हवेतला सिग्नल ऐकतो, मग नेटवर्कला सांगतो की मी अमुक सिमवाला, नेटवर्क सिममधल्या गुप्त चावीवरून खात्री करतं आणि मग वहीत लिहितं की हा माणूस सध्या या भागात आहे. हा 'भाग' फार महत्त्वाचा. लोकांना वाटतं नेटवर्कला आपला नेमका टॉवर कायम माहीत असतो, पण फोन नुसता खिशात पडलेला असताना तसं नसतं, नेटवर्कला फक्त टॉवरांचा एक मोठा गट माहीत असतो, त्याला ट्रॅकिंग एरिया म्हणतात. त्या एरियात तुम्ही कितीही भटका, फोन गप्प बसतो. एरियाची हद्द ओलांडली की मात्र लगेच हजेरी लावतो. आणि कॉल आला की त्या एरियातल्या टॉवरांवरून तुमच्या नावाने हाक मारली जाते, तिला पेजिंग म्हणतात.

एरिया मोठा ठेवला तर हाका वाढतात, लहान ठेवला तर हजेऱ्या वाढतात, सगळी कसरत यातच आहे. ही हद्द रेल्वे लाइनवर आडवी येणार नाही असं प्लॅनिंगवाले बघतात कारण संध्याकाळची भरलेली फास्ट लोकल हद्द ओलांडते तेव्हा डब्यातले हजारो फोन एका मिनिटात एकदम हजेरी लावायला धावतात आणि नेटवर्कच्या तोंडाला फेस येतो.

मग सॅटेलाइटमध्ये वेगळं काय घडतं?

आता वरचं लोकलचं उदाहरण उलटं करा. माणसं घरात निवांत बसलीयेत आणि हद्दच त्यांच्या डोक्यावरून पळतीये. ६०० किलोमीटर उंचीवरचा सॅटेलाइट सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर वेगाने जातो, त्याचा झोत, म्हणजे त्याचा सिग्नल जमिनीवर जेवढ्या भागावर पडतो तो, जवळपास सात किलोमीटर सेकंदाला सरकतो. झोत ५० किलोमीटर रुंद धरला तर तो तुमच्या डोक्यावर सात सेकंद असतो, फार तर. म्हणजे तुम्ही ओसरीवर चहा पीत बसलात तर कप संपेपर्यंत तुमचे कितीतरी 'टॉवर' बदलून झाले.

आता जुन्या पद्धतीने प्रत्येक झोताला एकेक एरियाचं नाव चिकटवलं तर काय होईल? जागचा न हललेला प्रत्येक फोन दर सात सेकंदांनी हजेरी लावणार. बॅटरी दुपारपर्यंत संपणार, आणि सॅटेलाइटची सगळी ताकद हजेऱ्या घेण्यातच जाणार, बोलणार कोण.

मग यावर उपाय काय काढला?

उपाय ऐकायला इतका साधा आहे की आधी का नाही सुचला असं वाटतं. एरिया सॅटेलाइटला बांधायचाच नाही, जमिनीवर खुंट्या ठोकून बांधायचा. म्हणजे समजा जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्याला एक नाव, पलीकडच्या मुरबाडच्या पट्ट्याला दुसरं, ही नावं कायम. सॅटेलाइट पुढे सरकताना फक्त घोषणा बदलत जातो, आत्ता मी अमुक पट्ट्यावर आहे, आता तमुकवर. फोनच्या दृष्टीने सॅटेलाइट बदलला तरी ऐकू येणारं नाव तेच, मग हजेरी लावायची गरजच नाही. ३जीपीपीने, म्हणजे मोबाइलचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेने, २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या रिलीज १७ मध्ये ५जी सॅटेलाइटसाठी हेच धरलं.

अडचण येते ती सीमेवर. झोत काही आपल्या तालुक्यांच्या हद्दी बघून कापलेला नसतो, त्याचा अर्धा भाग एका पट्ट्यावर आणि अर्धा दुसऱ्यावर असू शकतो. अशा वेळी एकदम नाव बदललं तर मधल्या लोकांचे फोन विनाकारण आधी इकडे मग तिकडे हजेरी लावत बसतात. म्हणून झोताला एकाच वेळी एकापेक्षा जास्त नावं पुकारायची मुभा दिलीये. फोनकडे आधीच एक यादी असते, रजिस्ट्रेशनच्या वेळी नेटवर्क देतं, तिच्यात १६ पर्यंत एरिया बसतात, आणि पुकारलेल्यातलं एक जरी नाव यादीत सापडलं तरी फोन म्हणतो ठीक आहे, मी घरातच आहे. याची किंमत हाका मारताना मोजावी लागते, दोन नावं म्हणजे हाक जास्त झोतांतून द्यावी लागते, पण हजेऱ्यांच्या पुरापेक्षा ते परवडतं.

दुसरी युक्ती म्हणजे झोतच जमिनीवर धरून ठेवायचा. टॉर्च हातात घेऊन चालत्या गाडीतून एकाच झाडावर उजेड मारत राहावं तसं सॅटेलाइट पुढे जाताना आपला झोत मागे वळवत राहतो, अगदीच लांब गेला की ती जागा मागून येणाऱ्या सॅटेलाइटच्या ताब्यात देतो. मला स्वतःला ही पद्धत जास्त आवडते. अँटेना महाग पडते, पण खालचं सगळं शांत राहतं.

इनमारसॅटसारख्या उंचावरच्या सॅटेलाइटला पण हाच त्रास?

नाही. ते ३५,७८६ किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीबरोबरच फिरतात, त्यामुळे खालून बघणाऱ्याला जागेवरच दिसतात. त्यांचा त्रास वेगळा, सिग्नल जाऊन-येऊन अर्धा सेकंद घेतो. बोलताना दोघंही एकदम सुरू करतात आणि दोघंही एकदम थांबतात.

सॅटेलाइट वापरायला फोनमध्ये जीपीएस चालू लागतं म्हणतात, ते माझ्यावर नजर ठेवायला का?

नजर ठेवण्याचा मुद्दा पुढे येतोच, पण पहिलं कारण शुद्ध फिजिक्सचं आहे. जुन्या २जीमध्ये टॉवरपासून ३५ किलोमीटरपलीकडे फोन चालायचाच नाही, सिग्नल कितीही चांगला असला तरी, कारण त्याहून लांबून आलेलं बोलणं उशिरा पोचून दुसऱ्याच्या पाळीत घुसायचं. आता सॅटेलाइट डोक्यावर असेल तर ६०० किलोमीटर आणि क्षितिजाजवळ असेल तर १,९०० किलोमीटर. म्हणजे फोनने नेमकं किती आधी बोलायला सुरुवात करायची हे त्याला स्वतःलाच काढावं लागतं.

त्यात डॉप्लर. फाटकाजवळ उभं राहून गाडीची शिट्टी ऐकलीये ना, गाडी येताना बारीक आणि जाताना जाड? तेच रेडिओला होतं. २ गिगाहर्ट्झला ही घसरण ४५ किलोहर्ट्झच्या आसपास जाते, आणि ५जीचा फ्रिक्वेन्सीचा एकेक पट्टा बहुतेक वेळा १५ किलोहर्ट्झचा, म्हणजे तुम्ही थेट तीन घरं सोडून चौथ्याची बेल वाजवताय.

म्हणून रिलीज १७ चा नियम असा की सॅटेलाइट सारखं सांगत राहतो मी कुठे आहे आणि कुठे चाललोय, फोन जीपीएसवरून आपली जागा काढतो, दोन्हीवरून अंतर आणि वेग मोजतो आणि सगळी दुरुस्ती करूनच पहिला शब्द उच्चारतो. जागा माहीत नाही तर तोंड उघडायची परवानगी नाही. साध्या नेटवर्कमध्ये लोकेशन ही सोय होती, इथे ते प्रवेशाचं तिकीट आहे, हा फरक लक्षात घेतला की बाकीचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

पण काही कंपन्या म्हणतात कुठलाही साधा फोन चालेल?

हो, आणि ते खरंय. एप्रिल २०२३ मध्ये एएसटी स्पेसमोबाइलने टेक्सासमधून साध्या सॅमसंग फोनवरून सॅटेलाइटमार्गे जपानला कॉल लावून दाखवला. स्टारलिंकची डायरेक्ट टू सेल सेवापण साध्या ४जी फोनवर चालते. तिथे दुरुस्तीचा सगळा भार वरची बाजू उचलते, झोताचा मध्य धरून वेळ आणि डॉप्लर आधीच सरळ करून खाली पाठवतात, फोनला वाटतं हा कुठला तरी लांबचा टॉवर. मोठी अँटेना आणि भरपूर अक्कल वर लागते, इतकंच.

बरं, मग माझं लोकेशन नेटवर्ककडे जातं की नाही? किती नेमकं?

जातं. रिलीज १७ मध्ये फोनने साधारण दोन किलोमीटरच्या अचूकतेची ढोबळ जागा कळवायची सोय आहे, गल्ली-बिल्डिंग नाही. हे का लागतं ते बघा. जमिनीवरचा टॉवर चंदगडात असला तर तो भारतातच आहे, वाद नाही. पण सॅटेलाइटचा एक झोत एकाच वेळी दोन-तीन देशांवर पडू शकतो, मग कॉल कुठल्या देशाच्या नियमाने चालवायचा, ११२ लावला तर कुठल्या कंट्रोल रूमला द्यायचा, पोलिसांनी कायदेशीर चौकशी केली तर कोणी उत्तर द्यायचं? म्हणून नेटवर्क जागा बघतं आणि तुम्ही भलत्या देशात असाल तर रजिस्ट्रेशन सरळ नाकारतं. त्यासाठी ५जीमध्ये खास कारण क्रमांक दिलाय, ७८, अर्थ असा की या ठिकाणी या कंपनीला सेवा द्यायची परवानगी नाही.

लगेच पुढचा प्रश्न येतोच, फोनने खोटी जागा सांगितली तर? हा प्रश्न नियम लिहिणाऱ्यांनाही पडला, म्हणून पुढच्या रिलीज १८ मध्ये नेटवर्कने स्वतः पडताळणी करायची पद्धत आली. एकच सॅटेलाइट पुढे सरकताना वेगवेगळ्या क्षणी सिग्नलच्या जाण्यायेण्याचा वेळ मोजतात आणि त्यावरून फोन सांगतोय तिथेच आहे का हे पाच-दहा किलोमीटरच्या फरकाने तपासतात. त्यामुळे फेक जीपीएसचं अ‍ॅप टाकून पोकेमॉन पकडता येतील, देश बदलता येणार नाही.

जीपीएस नसताना, नुसत्या रजिस्ट्रेशनवरून खरंच जागा काढता येते?

येते, आणि याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे एमएच ३७०. ८ मार्च २०१४, क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं विमान, २३९ माणसं. रडारवरून गेलं, बोलणं बंद, जागा कळवणारी यंत्रणा बंद. पण विमानावरचं इनमारसॅटचं टर्मिनल, म्हणजे सॅटेलाइटशी बोलणारं यंत्र, मात्र थोड्या वेळाने परत जागं झालं आणि त्याने पहाटे २:२५ ला नव्याने लॉगऑन केलं. त्यानंतर तासभर काही बोलणं झालं नाही की जमिनीवरचं स्टेशन विचारायचं, आहेस का रे? आणि टर्मिनल उत्तर द्यायचं, आहे. त्यात माहिती काही नाही, नुसती हजेरी. अशा हजेऱ्या सकाळी ८:१९ पर्यंत सापडल्या.

त्या हजेऱ्यांमध्ये जागा लिहिलेली नव्हती. पण उत्तर यायला किती वेळ लागला हे स्टेशनने नोंदवून ठेवलं होतं, वेळेवरून सॅटेलाइटपासूनचं अंतर निघालं आणि अंतरावरून नकाशावर एकेक कमान काढता आली, की विमान या कमानीवर कुठेतरी होतं. उत्तरेला की दक्षिणेला हे मात्र यातून कळत नव्हतं. ते कळलं एका मजेशीर चुकीतून. विमानातलं टर्मिनल डॉप्लरची दुरुस्ती करताना धरून चालायचं की सॅटेलाइट विषुववृत्तावर अगदी स्थिर आहे, पण तो जुना सॅटेलाइट रोज थोडा वरखाली डुलायचा, त्यामुळे दुरुस्तीत बारीकशी गफलत उरायची, आणि ती गफलत उत्तरेला जाताना वेगळी आणि दक्षिणेला जाताना वेगळी. त्यावरून ठरलं की विमान दक्षिण हिंदी महासागराकडे गेलं. शेवटची हजेरी जिच्यावर पडते त्या सातव्या कमानीच्या आसपासच शोध घेतला गेला. २०१५ मध्ये पंखाचा एक तुकडा रियुनियन बेटावर सापडला, मुख्य विमान अजून नाही.

मी हा विषय शिकवताना कायम इथूनच सुरुवात करतो. हजेरीचा हेतू जागा सांगण्याचा नसतो, तरी हजेरीतून जागा गळतेच.

इरिडियमचे फोन तर १९९८ पासून आहेत, तेव्हा हे कसं करायचे?

इरिडियमचे ६६ सॅटेलाइट ७८० किलोमीटरवर, प्रत्येकाचे ४८ झोत, शंभरेक मिनिटांत पृथ्वीची एक फेरी. फोनमध्ये जीपीएस नव्हतं तेव्हा, रजिस्टर होताना सिग्नलचा उशीर आणि डॉप्लर मोजून यंत्रणाच ढोबळ जागा काढायची आणि त्यावरून सेवा द्यायची की नाही ते ठरवायची. म्हणजे आज ५जीवाले नव्या नावाने जे मांडतायत त्यातलं बरंचसं तिथे आधीच होतं. धंदा मात्र चालला नाही, सेवा सुरू झाल्यावर वर्षाच्या आत दिवाळं निघालं, नंतर दुसऱ्यांनी विकत घेऊन उभं केलं.

सॅटफोन बॅगेत बंद करून ठेवला तर कॉल येईल का?

नाही येणार. बॅगेत ठेवला की अँटेनाला आकाश दिसत नाही, हाक मारली तरी त्याला ऐकू येत नाही. नेटवर्कही कायम वाट बघत नाही, ५जीमध्ये न हलणाऱ्या फोननेसुद्धा ठराविक वेळाने हजेरी लावायची असते, वेगळं काही ठरवलं नसेल तर ५४ मिनिटांनी. ती चुकली की त्यावर चार मिनिटं थांबून नेटवर्क तुम्हाला 'पोचत नाही' असं धरतं. आमच्या वेळी एका ग्राहकाने महिनाभर तक्रारी केल्या होत्या की कॉल येत नाहीत, शेवटी कळलं फोन गाडीच्या डिकीत असायचा. सॅटफोनवर मेसेज करून वेळ ठरवा आणि त्या वेळी मोकळ्यावर फोन हातात धरून उभे राहा, यापेक्षा चांगला उपाय नाही.

सेन्सरसारख्या छोट्या यंत्रांचं काय? सगळा वेळ वर सॅटेलाइट असतोच असं नाही.

बरोबर, थोडेच सॅटेलाइट असले तर मधे कित्येक मिनिटं, कधी तास रिकामे जातात. अशा यंत्राला पुढचा सॅटेलाइट कधी येणार ते गणिताने माहीत असतं, तोवर ते झोपून राहतं, आणि नेटवर्कनेही तोवर त्याला हरवलं असं धरायचं नसतं. एसटीच्या वेळा पाठ असलेला माणूस दिवसभर स्टँडवर उभा राहत नाही, तसंच.

आयफोनचा सॅटेलाइटवरचा एसओएस म्हणजे पण हेच का?

वापर सारखा, आतली रचना वेगळी. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयफोन १४ वर तो सुरू झाला, ग्लोबलस्टारच्या सॅटेलाइटवर. तिथे फोन तुम्हालाच स्क्रीनवर सांगतो की इकडे वळा, आता तिकडे, आणि तुमची जागा व चार प्रश्नांची उत्तरं दाबून छोटी करून पाठवतो. भारतात ही सेवा हे लिहीपर्यंत तरी नाही.

सह्याद्रीत ट्रेकला सॅटफोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर नेऊ का? बाहेरून स्वस्तात मिळतोय.

नको. अजिबात नको. भारतात परवानगीशिवाय सॅटफोन बाळगणं गुन्हा आहे, थुराया आणि इरिडियम या कंपन्यांच्या फोनवर तर बंदीच, २६/११ च्या हल्लेखोरांनी थुरायाचा फोन वापरला होता आणि त्यानंतर हे फार कडक झालं. रीतसर मिळतो तो इनमारसॅटचा, बीएसएनएलकडून, परवानगी घेऊन. बटण दाबून मेसेज आणि जागा पाठवणारी छोटी यंत्रंही यातच येतात, गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुणे अशा यंत्रासकट अडकल्याच्या बातम्या आल्यात. परदेशातून येणाऱ्या नातेवाईकांनाही आधीच सांगून ठेवा. हरिश्चंद्रगडावर त्यापेक्षा गावातला वाटाड्या घ्या आणि परतायची वेळ खाली कोणाला तरी सांगून जा.

आता परवाने मिळतायत म्हणे, मग नियम सैल होणार?

उलट. मे २०२५ मध्ये दूरसंचार खात्याने सॅटेलाइट कंपन्यांसाठी सुरक्षेच्या नव्या अटी घातल्या. टर्मिनल नोंदलेलं हवं, त्याची जागा अक्षांश-रेखांशासह यंत्रणांनी मागितली की देता आली पाहिजे, जमिनीच्या सीमेपासून ५० किलोमीटर आत आणि समुद्रात २०० सागरी मैलांपर्यंत खास देखरेखीचे पट्टे. डेटा भारतातल्या गेटवेमधूनच, म्हणजे सॅटेलाइटशी जोडणाऱ्या जमिनीवरच्या स्टेशनमधूनच, जायला हवा हेही त्यात आलंच. म्हणजे वर सांगितलेलं तिकीट आता कायद्यानेही तिकीटच झालंय. प्रायव्हसीवाल्यांची नाराजी मला पटते, दोन किलोमीटरची ढोबळ जागा पुरत असताना नेमका अक्षांश मागणं म्हणजे जरा जास्तच, पण २००८ नंतर आपल्याकडे कोणी सैल नियम लिहील अशी अपेक्षाही मी करत नाही.

आमची होडी आहे, त्यावर जे यंत्र बसवतात ते पण मला ट्रॅक करतं का?

हो, आणि त्यासाठीच ते बसवतात. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी ही योजना देशभर सुरू केली, १ लाख बोटींवर इस्रोने बनवलेले ट्रान्सपाँडर, खर्च ३६० कोटींच्या घरात. दोन्हीकडून मेसेज जातो, बोटीवरून मदत मागता येते आणि किनाऱ्यावरून वादळाचा निरोप किंवा आंतरराष्ट्रीय सीमा जवळ आल्याचा इशारा पाठवता येतो. बरेच खलाशी म्हणतात आमची जागा सरकारला कशाला, मासा कुठे लागतो ते सगळ्यांना कळेल. भीती समजते, पण डिझेल संपून रात्री वाहत चाललात तर हीच जागा कामाला येते.

४०६ मेगाहर्ट्झचं संकटातलं बीकन, म्हणजे सॅटेलाइटमार्गे मदतीची हाक पाठवणारं यंत्र, घेतलंय, ते नोंदवायलाच हवं का? बटण दाबलं की चालतंच ना?

चालतं, पण नोंद नसेल तर शोधणाऱ्यांना फक्त एक नंबर दिसतो. बीकनमध्ये १५ अक्षरांची ओळख असते, भारताच्या बीकनमध्ये देशाचा कोड ४१९, आणि तो सिग्नल बंगळुरूच्या केंद्रात पोचला की ते आधी नोंदवही उघडतात, बोट कोणाची, रंग कुठला, किती माणसं, घरी फोन कोणाला करायचा. घरचा माणूस म्हणाला की बोट तर जेट्टीला बांधलीये, तर हेलिकॉप्टर वाचतं, आणि म्हणाला कालपासून आली नाही, तर लगेच निघतं. बोट विकली, मोबाइल नंबर बदलला, तर नोंदही बदला, जुन्या मालकाच्या बायकोला रात्री दोनला फोन गेल्याचे प्रकार झालेत.